अळी आधी कुणाला दिसते?

नव्या किडीवरची बैठक आणि नवी कीड यांची गाठ सहसा पडत नाही. बैठक भरते ग्रामपंचायतीच्या हॉलात, नाहीतर मारुतीच्या पारावर. हजेरीपत्रकावर सह्या करतात ते सातबाऱ्यावर नाव असलेले पुरुष. आणि कीड ज्यांना सगळ्यांत आधी दिसू शकते त्या बाया त्याच वेळी कुणाच्या तरी वावरात वाकून निंदणी करत असतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कृषी सहायक म्हणून नोकरीची बरीच वर्षं गेली. (पदाचं नाव अलीकडे 'सहायक कृषी अधिकारी' झालं. गावात आम्ही आधीही 'भाऊसाहेब' होतो, आताही आहोत.) एवढ्या वर्षांत बोंडअळी पाहिली, पपईवरचा पिठ्या ढेकूण पाहिला, केळीवरचा हरण्या पाहिला. पण कीड लवकर ओळखणं म्हणजे काय आणि ते कुणाला शिकवायचं, हे मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोनच वर्षांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचे जवळजवळ सगळे देश तिने व्यापले. मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर ती भारतात पहिल्यांदा नोंदली गेली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सांगली-सोलापूरकडच्या मक्यावर आणि उसावर दिसली, आणि 2019 च्या खरिपात आमच्या खानदेशात तिने मक्याची वावरंच्या वावरं गाठली. तिचा पतंग वाऱ्याची साथ असेल तर एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जातो. तापीकाठी यायला तिला ना रेल्वे लागली, ना ट्रक.

म्हणजे आम्हाला जवळपास वर्षभराची मुदत मिळाली होती. नवी कीड एवढी सवलत फार कुणाला देत नाही. त्या वर्षात पत्रकं निघाली, प्रशिक्षणं झाली, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरले. फोटो सगळे एकाच धाटणीचे: बोटाच्या दोन पेरांएवढी जाडजूड अळी, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. ओळखीत चूक काहीच नव्हती. पण फोटोतली अळी शेवटच्या अवस्थेतली होती. ती वावरात दिसली याचा अर्थ तिने खायचं ते खाऊन घेतलं आहे आणि आता ती कोषात जायला जमिनीत उतरणार आहे. पत्रक हातात धरून वावरात तशी अळी शोधणारा शेतकरी "आपल्याकडे काही नाही बुवा" म्हणून निर्धास्त घरी जायचा, आणि त्याच्या वावरात पानापानावर केसाएवढ्या अळ्या असायच्या.

या अळीच्या बाबतीत सगळा खेळ पहिल्या आठवड्याचा आहे. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि वर अंगावरच्या भुरकट केसांचं पांघरूण घालते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग एका बाजूने खरवडतात, दुसरा पापुद्रा तसाच ठेवतात. पानावर पांढरट, उजेड आरपार जाईल अशा खिडक्या पडतात. पुढच्या अवस्थेत अळी पोंग्यात शिरते. तिथे एकमेकींना खाऊन बहुधा एकच उरते आणि ती आपल्याच विष्ठेच्या ओलसर भुशाने पोंग्याचं तोंड बुजवते. मग वरून कितीही महाग औषध मारा, ते त्या बुचावरून ओघळून जातं. खिडक्यांच्या वेळी निंबोळी अर्काने जे भागतं, ते भुशाच्या वेळी तिप्पट-चौपट पैसे घालूनही भागत नाही.

म्हणून फोटो अळीचा नको, खिडकीचा हवा, असं माझं मत तेव्हाच झालं. पण खरी गोष्ट कळली ती पारोळा तालुक्यातल्या एका वावरात.

मका वीसेक दिवसांचा होता. वावराचे मालक आप्पा माझ्यासोबत बांधावर उभे. मी एक पान उलटं करून त्यांना खिडक्या दाखवत होतो. आप्पा काही फार मनावर घेत नव्हते. "पान नुसतं चाटलंय भाऊसाहेब, मका उभा राहतो यातून," हे त्यांचं म्हणणं. निंदणीच्या ओळीत कडेला असलेली एक बाई विळा हातात तसाच ठेवून ऐकत होती. ती उठली, जवळ आली, पान पाहिलं आणि नाल्यापलीकडच्या वावराकडे हात करून म्हणाली, "भाऊ, हाई असंच तठेबी शे." आदल्या दिवशी त्यांची टोळी तिकडे निंदायला होती.

आम्ही नाला ओलांडून गेलो. तिने थेट तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं रोप गाठलं आणि पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेला नखाएवढा भुरका डाग दाखवला. तिला ती बुरशी वाटली होती. मी खिशातलं भिंग दिलं. भिंग डोळ्याला लावायचं की पानाला, यावर आधी थोडं हसणं झालं. मग ती बराच वेळ गप्प राहून बघत राहिली. केसांच्या थराखाली हिरवट गोल दाणे होते, आणि एका कडेला काळ्या डोक्याच्या, सुताएवढ्या अळ्या अंड्यांतून बाहेर येऊन तिथेच वळवळत होत्या. तिने भिंग परत दिलं आणि काही न विचारता तो पुंजका दोन बोटांत धरून चिरडला. दीडशे अळ्यांचा बंदोबस्त तिथेच झाला, खर्च शून्य.

त्या वावराच्या मालकाला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. तो बैठकीला आला होता, पत्रकही त्याच्याकडे होतं.

मग हिशेब मांडून पाहिला. निंदणीची टोळी आठवडाभरात पाच-सात मालकांची वावरं फिरते. एकेका ओळीत, एकेका रोपाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकून. वीस दिवसांच्या मक्याचा पोंगा नेमका त्याच उंचीवर असतो. आम्ही सर्वेक्षणाला जातो तेव्हा वावरात डब्ल्यूच्या आकारात चालतो, पाच ठिकाणी थांबतो, मोजकी रोपं तपासतो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. विदर्भात 2008 मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर राज्याने 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प उभा केला आणि त्याचे सल्ले उपयोगी पडले, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण ठरलेल्या प्लॉटमध्ये ठरलेल्या वारी जाणारा माणूस माहितीतली कीड मोजतो. अनोळखी कीड अशा वेळापत्रकाने येत नाही. तिला गाठायला रोज, सगळीकडे फिरणारी नजर लागते, आणि अशी नजर गावात फुकट फिरत असते. आम्ही तिला कधी विचारत नाही, एवढंच.

खरं तर 2017 मध्येच हे लक्षात यायला हवं होतं. त्या साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. खानदेशात ठिबकवर मे महिन्यात पूर्वहंगामी कापूस लावायची जुनी चाल. तो लवकर फुलावर येतो आणि जमिनीतून निघणाऱ्या पहिल्या पतंगांना आयतं जेवण मिळतं. इकडे फरदडीच्या नादात कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा ठेवायचा. म्हणजे अळीला उपास पडायला नको, याची काळजी दोन्ही टोकांनी आपणच घेतली. बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड हिरवंगार. पण त्याच्या कितीतरी आधी ती फुलात असते आणि पाकळ्या आतून एकत्र बांधून टाकते. फूल उमलतच नाही, फिरकीसारखं मिटून राहतं. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी हीच बोंडअळीची पहिली हाक. ती ऐकू न आल्यावर दुसरी हाक थेट वेचणीला आली, आणि तीही वेचणीवाल्या बायांना. वेचणीची मजुरी किलोवर असते. बोंडं अर्धवट उघडलेली, कापूस डागी, कवडी. दिवसभर वेचून वजन भरेना. काही ठिकाणी बायांनी वेचणीला यायला नकार दिला, कारण रोज पडत नव्हता. मालक म्हणत होते, बाया कामचुकार झाल्या. बाया बिचाऱ्या कीड सर्वेक्षणाचा अहवाल देत होत्या, फक्त तो लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

कामगंध सापळ्यांचीही तीच गत. सापळा हे मोजायचं साधन आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की हात-पाय हलवायचे. शेतकरी मात्र सापळा लावला म्हणजे बंदोबस्त झाला असं समजून वळून बघत नसे. मक्यात तर मी बोंडअळीची गोळी लावलेले सापळे पाहिले. प्रत्येक किडीची गोळी वेगळी, मक्याच्या पतंगाला बोंडअळीच्या गंधाशी काय देणंघेणं? सापळा महिनाभर रिकामा लटकत राहिला आणि "आमच्याकडे कीड नाही" याचा पुरावा म्हणून मला दाखवला गेला.

पारोळ्यानंतर मी शेतीशाळेची जागा आणि वेळ बदलून पाहिली. शेतीशाळा ही कल्पना काही आपली नाही. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातल्यावर, 1989 मध्ये शेतकऱ्यांनाच वावरात बसवून किडी आणि मित्रकिडी ओळखायला शिकवायची पद्धत तिथे सुरू झाली. आपल्याकडे ती आली, पण येता येता तिच्यात सतरंजी, बॅनर आणि चहा शिरला. मी बॅनर गाडीतच ठेवायचो. सकाळी टोळी वावरात पोचली की काम सुरू व्हायच्या आधी बांधावरच अर्धा तास. मालकांची कुरकुर व्हायची, मजुरीच्या वेळेतला अर्धा तास म्हणजे त्यांच्या खिशातला. ती कुरकुर रास्त होती. एका मालकाने स्पष्ट विचारलं, "अर्ध्या तासाचं कोण देणार, तुमचं खातं?" खात्याकडे त्यासाठी तरतूद नव्हती. प्रशिक्षणार्थींच्या चहा-नाश्त्याला असते, मजुरीला नसते. मग मुकादम बाईंशी बोलून जेवणाच्या सुट्टीतला वेळ धरला. भाकरी सोडायच्या आधी प्रत्येकीने सकाळपासून पाहिलेलं एक वेगळं पान आणून ठेवायचं, एवढाच नियम. पहिल्या दिवशी ढीगभर आलं: करपा, नागअळी, खताने जळलेली टोकं, गारपिटीचे ओरखडे, काहीही. त्यातून निवडत निवडत शिकवायला फार सोपं गेलं. कीड दाखवण्याआधी कीड नसलेलं काय काय असतं ते समोर आलं. दुसऱ्या आठवड्यात त्या पानांत खिडक्या आणि अंडीपुंज एवढंच उरलं.

एक गोष्ट मी पुरुषांच्या बैठकांत कधी पाहिली नव्हती. या बाया संकोच न करता एकमेकींना खोडून काढत. "ही ती नव्हे, ती लालसर असते," असं एकीने म्हटलं की दुसरी उठून दुसरं पान आणे. बैठकीत शेतकरी माझं ऐकून घ्यायचे आणि नंतर कृषी केंद्रावर जाऊन दुकानदाराचं ऐकायचे.

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे. पण गावाचा पहिला डॉक्टर तोच असतो, रात्री आठला दुकान उघडं असतं, उधारी देतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवला, तो याच कारणाने. ज्या दुकानदारांनी तो मनापासून केला त्यांच्याकडे फरक दिसतो. बाकी ठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत अळी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दोन कीटकनाशकं आणि वर एक टॉनिक असं मिश्रण हातात मिळतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतरही उंच मक्यात तोंडाला रुमाल न बांधता डोक्याच्या वर नोझल धरून फवारणारी पोरं मी पाहिली आहेत. कीड लवकर दिसण्याचा एक फायदा असा, की अशा फवारणीची पाळीच येत नाही. पहिल्या महिन्यात पोंग्यात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना चिमटीने टाकला, पाच टक्के निंबोळी अर्क मारला, पुंजके चिरडले, तर बरंचसं काम होऊन जातं.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो ते. लष्करी अळीचा शिफारशीतला इशारा पाच टक्के रोपांवर आहे. शंभरातली पाच रोपं प्रादुर्भावित दिसली की हालचाल करा. आणि नुकसानभरपाईचा पंचनामा लागू होतो तो 33 टक्क्यांच्या वर. पाच आणि तेहतीस यांच्या मधल्या जागेत शेतकरी काय करतो? वाट बघतो. काही जण घाबरून, काही जण लपवून, आणि काही जण सरळ हिशेबाने: आत्ता औषधाला पैसे घालण्यापेक्षा पंचनाम्यात बसलो तर बरं. पाच टक्क्यांवर सांगायला येणाऱ्याला आमच्याकडे द्यायला सल्ला असतो, तेहतिसाव्या टक्क्यावर येणाऱ्याला मदत असते. शेतकरी खुळा नाही, तो दुसरी रांग धरतो. लवकर सांगणाऱ्याला निदान एक सापळा, एक गोळी, निंबोळी अर्काची एक बाटली त्याच दिवशी हातात मिळाली तर चित्र बदलेल, असं मी वरिष्ठांच्या बैठकांत म्हणत आलो आहे. मान डोलावली जाते.

लपवालपवीमागे भीतीही असते. नवी कीड पहिल्यांदा ज्याच्या वावरात सापडते त्याच्या नावावर ती लागते. "त्याच्याकडूनच आली" हे पुढे कितीतरी हंगाम ऐकावं लागतं. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की बैठकीत कुणाचं वावर कधी सांगायचं नाही, गावाच्या शिवाराचं नाव पुरे.

केळीच्या बाबतीत हे सगळं आणखी निकराचं होणार आहे. रावेर-यावलच्या केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजेच हरण्या आला की एकच सल्ला असतो: रोप मुळासकट उपटा आणि बागेबाहेर नष्ट करा. हजारो रुपये खर्चून लावलेलं रोप स्वतःच्या हाताने उपटायला सांगणं सोपं नसतं, आणि उपटणारा दोन-चार रोपं तर ठेवतोच, सुधरतील म्हणून. पण विषाणूला निदान बाग बदलून हरवता येतं. फ्युजेरियम मर रोगाच्या 'टीआर-4' प्रकाराचं तसं नाही. ज्या कॅव्हेंडिश केळीवर, म्हणजे आपल्या ग्रँड नैनवर, जळगाव जिल्हा उभा आहे तिलाच तो मारतो. त्याचे बीजाणू जमिनीत दशकं टिकतात आणि त्यावर औषध नाही. बिहारमध्ये तो सापडला, मग उत्तर प्रदेश, गुजरात, आणि शास्त्रज्ञांच्या यादीत बऱ्हाणपूरचंही नाव आलं. बऱ्हाणपूर म्हणजे रावेरच्या शेजारचा जिल्हा. तिकडून रोज ट्रॅक्टर येतात, मजूर येतात, केळीचे ट्रक येतात, आणि चाकांना, फावड्यांना, चपलांना माती चिकटून येते. खालची पानं कडेकडून पिवळी पडणं, बुंध्याजवळ खोड उभं फाटणं, खोड कापल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसणं, ही याची लक्षणं. केळीची पिवळी पानं कापणं, घड झाकणं, खोडं तोडणं ही कामं बागेत मालक करत नाही. सालदार आणि मजूर करतात. खोडातली ती तांबूस रेषा कोयता चालवणाऱ्यालाच आधी दिसणार. त्या कोयतेवाल्याला आपण आजवर एक तरी प्रशिक्षण दिलं आहे का?

यंदाच्या खरिपात मका दहा-बारा दिवसांचा झाला की एवढं करा. आपल्या वावरात येणाऱ्या टोळीतल्या बायांना एकदा खिडकी पडलेलं पान आणि भुरका पुंजका दाखवा, आणि वेगळं काही दिसलं तर थांबून सांगायला सांगा. त्या मिनिटांची मजुरी कापू नका. ओळख पटली नाही तर पानाचा फोटो वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी काढा, अळी हाताशी असेल तर झाकणाच्या डबीत पानासकट ठेवा, आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. जळगाव जिल्ह्यात ती पाल आणि ममुराबादला आहेत, धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या आवारात. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक बायांच्या फोनमध्येही भरून द्या. तो निःशुल्क आहे, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.